भिकाजीची पंगत

साहेब, समुद्राचं पाणी गोडं करायला शिकवणारं केंद्र तुम्ही मस्कतमध्ये चालवता आणि तिथलं जेवणाचं टेबल तुम्हीच तोडलंत. काल रुवी भागात जाणाऱ्या बसच्या रांगेत तुमचा आचारी भिकाजी तुमच्याच ऑफिसातल्या मैथिलीशी बोलत होता. ते ऐका.

"काका, साहेबांची ऑर्डर आलीय. या बॅचला इस्रायली आणि पॅलेस्टिनी वेगवेगळ्या वेळी जेवतील."

"पहिल्या बॅचला तुम्ही नव्हतात, मॅडम. तेव्हाही ते टेबलाच्या दोन टोकांना बसले होते. मी म्हटलं, आमच्या गावात पंगतीत मधे जागा सोडत नाहीत. सरका."

"आणि सरकले?"

"तोंडं वाकडी करून! वर सांगितलं, शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही. नाब्लुसचा पॅलेस्टिनी इयाद असला हळू खायचा! हैफाची इस्रायली नोआ वैतागून म्हणाली, याला भरवू का? सगळ्यात आधी इयादच हसला."

"मग?"

"मग काय, खलास! रोज ताटं सुकायची, पण गप्पा संपायच्या नाहीत. त्याच्या गावची विहीर, तिच्या आजोबांची बाग. काय दिवस होते ते!"

"आता युद्ध झालंय, काका. जेवताना भांडण पेटलं तर? आणि ऐकलं नाहीत तर तुमचा व्हिसा रद्द करतील."

"करू देत. या वेळी शिकवायला इयाद आणि नोआच येतायत ना? बरं, लावतो मी दोन पंगती. फक्त साहेबांकडून एवढं लिहून आणा, पहिली पंगत कुणाची, इयादची की नोआची?"