एकाच वाफ्यातले तीन वास

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले पाहुणे, आपल्या तेल तपासणी प्रयोगशाळेच्या आज निवृत्त होणाऱ्या बाई, आणि समोर बसलेले माझे पुदिनावाले भाऊबंद व आयाबहिणी, सर्वांना नमस्कार.

भाषण करणं हे माझं काम नव्हे. शाळा मी लवकर सोडली. आज मला बोलायला उभं करायचं ठरलं, तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतो आहे. बायको म्हणाली, "इतकं काय त्यात? बाईंचे आभार मानायचे आणि खाली बसायचं." तिचं बरोबर आहे. पण आभार कशाचे, ते सांगितल्याशिवाय आभार कसे मानणार? आणि ते सांगायला गेलं की मधे अध्यक्षांचं नाव येतं. अध्यक्ष, मी आधीच विचारून ठेवतो, सांगू ना? मान हलवली आहे. हलवली ना? ठीक.

आपल्याकडे बाईंना सगळे नाकवाल्या बाई म्हणतात, हे त्यांना ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. आता झालं ठाऊक. यंत्र सुरू करण्याआधी त्या बाटली नाकाशी धरायच्या, म्हणून ते नाव पडलं. आमच्या बाटलीचा वास घेऊन त्यांच्या कपाळावर आठी पडली, त्या दिवसापासूनची ही हकिगत आहे.

आमचा मुलगा गेल्यावर आपल्या पुदिनावाल्यांच्या संघाची तेल काढायची भट्टी सूनबाई चालवू लागली. पाला भरणं, वाफ सोडणं, वर आलेलं तेल अलगद काढून घेणं, सगळं तीच बघायची. मुलाच्या हातात होतं ते काम तिच्या हातात आलं, आणि घर पुन्हा उभं राहिलं. त्या मोसमात आमच्या शेतातल्या तेलाचा पिंप व्यापाऱ्याने परत पाठवला. पुदिन्याच्या तेलाला जो गार झणका हवा, तो त्यात नव्हता. भेसळ आहे, असं त्याचं म्हणणं. प्रयोगशाळेनेही नमुना नापास केला, खाली सही बाईंचीच. मग संघाची बैठक बसली आणि अध्यक्षांनी सूनबाईकडून भट्टीची किल्ली मागून घेतली. आणखी एक नमुना तपासायचा, असंही ठरलं. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही मागितली असती. संघाची अब्रू म्हणजे काही खेळ नव्हे.

सूनबाई घरी आली, हातपाय धुतले आणि माळ्यावरची बॅग खाली काढली. मला म्हणाली, "बाबा, किल्ली गेली त्याचं मला काही नाही. पण खोटी ठरून मी या घरात राहायची नाही. दुसरा नमुनाही नापास झाला, तर मी लेकीला घेऊन भावाकडे जाईन."

"अगं, पण तू काही केलेलं नाहीस ना?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की त्यानंतर आजवर मी कुणाला तसा प्रश्न विचारलेला नाही. विश्वास होता हो माझा. पण काळजीने माणसाच्या तोंडून नको ते निघतं. मुलगा गेला, आता सून आणि नात जाणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. बॅग भिंतीला टेकून ठेवलेली. येता-जाता तिच्यावरच नजर जायची.

बाईंचं काम खरं तर संपलं होतं. दुसरा नमुना घ्यायचा, कागदावर शिक्का मारायचा आणि मोकळं व्हायचं. त्यांना कुणी दोष दिला असता का? पण दुसरा नमुना न्यायला माणूस पाठवायच्या ऐवजी त्या स्वतः आमच्या दारात आल्या. मी हात जोडायला लागलो, तर म्हणाल्या, "आजोबा, ते नंतर. तेलात भेसळ करायला लोक जे मिसळतात, त्याची खूण मला यात कुठे दिसत नाही. आणि जे दिसतंय, ते कुणी मुद्दाम मिसळेल असं वाटत नाही. आधी शेत दाखवा."

यंत्रातून निघालेला कागद त्यांनी मला दाखवला. चांगल्या तेलाच्या कागदावर एक उंच डोंगर उमटतो. आमच्या कागदावर तो डोंगर खचलेला आणि बाजूला भलत्याच दोन टेकड्या. मला वाटलं, हेच आपलं नशीब.

शेतात बाई वाफ्यामागून वाफा पाहत गेल्या. झाडं सगळी सारखी. हिरवी, दातेरी पानं, पुदिन्यासारखा पुदिना. मग एका जागी बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, डोळे मिटा."

"का हो?"

"मिटा म्हणते ना."

मिटले. त्यांनी नाकाशी काहीतरी चुरगाळलं. "कशाचा वास आहे?"

"लिंबाच्या सालीचा. पण तुम्ही लिंबू कधी आणलंत?"

डोळे उघडले, तर त्यांच्या हातात पुदिन्याचं पान. शेजारच्या झुडपाचं पान चोळलं, तर शहाजिऱ्याचा वास. त्याच्या पलीकडचं आपलं नेहमीचं, गार. वाफा एक, दिसणं एक आणि वास तीन. मी तर घाबरलोच, म्हटलं शेताला काही बाधा झाली की काय.

बाईंनी विचारलं, "लागवड मुळ्यांची केली होती ना?"

"मुळ्यांचीच. पुदिना बियांनी कोण लावतो?"

"मग ही झाडं कुठून आली?"

मी बायकोकडे पाहिलं. बायको पदराशी चाळा करायला लागली. आमच्या घरची एक रीत आहे, तिच्या आईकडून आलेली. आपोआप उगवलेलं उपटून टाकायचं नाही. निंदताना पुदिन्याचं कोवळं रोप सापडलं, की जिथे लागवडीत खाडा पडलाय तिथे नेऊन लावायचं. पंपाजवळचा एक तुकडा नळ्यांच्या ढिगामुळे कापायचा राहून जायचा. तो फुलायचा आणि त्याचं बी गळायचं. ओढ्याच्या काठाला रानपुदिना, आणि मधमाश्या दोन्हीकडे हिंडणार. त्यातून जी रोपं आली, ती आम्ही मायेने शेतभर लावली.

बाईंनी मग समजावून दिलं. मुळी लावली तर तेच झाड पुढे वाढतं. बी पडलं तर ते नवं लेकरू. एका आईची पोरं तोंडवळ्याने सारखी असली, तरी एकाचा गळा गोड असतो आणि दुसरा भांडका निघतो. झाडांचंही तसंच. पानात कुठलं तेल भरायचं, हे त्याचं त्याच्या जन्मापासून ठरलेलं.

बायकोचे डोळे भरले. "म्हणजे माझ्यामुळे पोरीवर आळ आला?"

"तुमच्यामुळे कशाला? मधमाश्यांमुळे," बाई म्हणाल्या. "नोटीस काढायची तर त्यांना काढू." सूनबाई तेव्हा हसली. त्या मोसमात पहिल्यांदा.

पण बाई नुसत्या बोलण्यावर थांबल्या नाहीत. काचेचं छोटं यंत्र आमच्या अंगणात मांडून त्यांनी तिन्ही वासांच्या पाल्याचं तेल वेगवेगळं काढलं. प्रयोगशाळेत नेऊन कागदावरचे डोंगर तपासले. एकात उंच डोंगर, बाकी दोन्हींत त्या भलत्या टेकड्या. आणि मग त्या संघाच्या बैठकीत आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तेल कमी प्रतीचं आहे, हा माझा निकाल कायम आहे. पण भेसळ नाही. यांच्या सुनेने काही मिसळलेलं नाही." आणि सगळ्यांच्या हातात चोळायला पानं दिली.

अध्यक्षांनी एक पान चोळलं आणि म्हणाले, "हा पुदिना नाहीच."

बाई म्हणाल्या, "येताना तुमच्याच बांधावरून तोडलाय, साहेब."

हसा, हसा. तेव्हाही असेच हसला होतात. अध्यक्षसुद्धा हसत आहेत, मी सुटलो. पण पुढचं ऐका, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. किल्ली त्यांनी शिपायाबरोबर धाडली नाही. स्वतः आमच्या घरी आले, सूनबाईच्या हातात दिली आणि म्हणाले, "ताई, घाई झाली आमची." तिने त्यांना पाणी आणून दिलं. ते गेल्यावर स्टूल घेतलं आणि बॅग माळ्यावर टाकली. मी त्या दिवशी दोन वेळा वाढून घेतलं. बायको म्हणाली, "आता पोट बिघडेल." नाही बिघडलं.

बाई, शिकलेली माणसं आम्ही पुष्कळ पाहिली. पण स्वतःच्या सहीचा कागद घेऊन चिखलात उतरणारी एवढी एकच पाहिली. यंत्राने तुम्हाला तेल कसं आहे ते सांगितलं, पण ते तसं का झालं, हे विचारायला तुम्ही आमच्या दारापर्यंत आलात. उद्यापासून तुमच्या खुर्चीवर कोण बसेल, त्याला नाक असेल की नाही, ही काळजी मला लागलीच आहे. काळजी केली नाही तर मला करमत नाही.

तुमची नजर मघापासून सभागृहात सूनबाईला शोधते आहे, हे मी पाहिलं. ती आलेली नाही. घाबरू नका, सगळं ठीक आहे. आज पहिल्या कापणीचा पाला आला, सकाळीच भट्टी पेटली, आणि तेल उतरत असताना तिला जागा सोडता येत नाही. निघताना मी म्हटलं, "अगं, बाई काय म्हणतील?" ती म्हणाली, "बाबा, मी कुठे आहे ते सांगा. त्यांना बरं वाटेल."

ते सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, याचे आभार. बाई, तुमचे आभार मानायचे होते, ते नीट जमले की नाही, कळत नाही. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पोटात घाला. बसतो.