येसूवाला खोटं बोलत न्हाय

आमचं गाव मोहोळच्या पल्याड, हमरस्ता सोडून दोन कोस आत, सात एकर जमीन आन् सगळी पावसाच्या भरवशावर, म्हंजे हाय म्हनायला हाय. घरात खंडोबा, बांदावर म्हसोबा, आन् आजा माळकरी. माज्या आदीची दोन पोरं जगली न्हाईत म्हनून आईनं माजं नाव दगडू ठिवलं, दगडाला कोन नेतंय म्हनून. तवा ताई, आमच्या घरान्यात येसूचं नाव कुनी ऐकलंबी नव्हतं, हे आदी लिवून घ्या, लोकांना वाटतं ह्यो म्हातारा पिढीजात ख्रिस्ती हाय. न्हाय. बहात्तरच्या दुष्काळात मी पोटापायी सोलापुरात आलो आन् तितं मला येसू गावला. दुष्काळ पडला नसता तर आजबी हुरड्याच्या आगटीम्होरं बसलो असतो, आन् बरा बसलो असतो, खोटं कशाला बोलू.

सोलापूर तवा काय हुतं म्हनून सांगू तुमाला! गिरनीचा भोंगा झाला की गाव उटायचं, भोंगा झाला की जेवायचं, गरिबाच्या मनगटाला घड्याळ नव्हतं आन् लागतबी नव्हतं. पूर्व भागातल्या कुटल्याबी बोळातनं जावा, दोनी अंगानं मागाचा खडखडाट, आन् त्या खडखडाटाच्या वरताण आवाज काढून बाया दारात तेलुगूत भांडायच्या, आन् मला त्ये भांडान लई गोड लागायचं कारन त्यातलं एक अक्षर कळायचं न्हाय. आमची खोली येवढी की हिराबाई, म्हंजे आमची कारभारीन, दारात उबी ऱ्हायली तर आत अंधार व्हायचा. कडक भाकरी, शेंगाची चटनी, वर कांदा. आता ल्योक फ्लॅटात ऱ्हातोय, लिफ्ट हाय, समदं हाय, पन त्या खोलीतल्यावानी झोप न्हाय. मदी एकदा त्या बोळात जाऊन आलो, माग कवाच मोडीत गेलेत, इतकं गपगार की कान दुकाय लागलं माजं.

चादरीच्या कारखान्यात मला मागावर घेतलं त्ये नरसय्यामुळं. नरसय्या म्हंजे पिढ्यान् पिढ्याचा इनकर, तेलुगू मानूस, माज्यापेक्षा दहा वर्सांनी मोटा. औत हाकनारा हात माजा, सूत धरलं की तुटायचं. त्येनं हाताला धरून शिकीवलं, सुताची कांडी कशी भरायची, धोटा कसा बसवायचा, तुटलेला धागा मागावरच कसा गाटायचा. मला तम्मुडू म्हनायचा, म्हंजे धाकला भाऊ. मी त्येला अन्ना म्हनायचो. सख्ख्या भावानं केलं नसतं येवढं त्येनं केलं, आन् मी त्येची फेड काय केली त्ये आता ऐका.

पन त्येच्या आदी पाळकसाहेबांचं सांगतो, न्हायतर तुमाला संगती लागायची न्हाय. खोलीच्या मागं चर्चचं आवार हुतं. माजी दुपारपाळी, तवा सकाळचा मोकळा, आन् तितं पाळकसाहेब मोट्या मानसांना लिवायवाचायला शिकवायचे. बारीक अंगाचे, बारा म्हैने छत्री, आवाज मातुर असा की पल्याडच्या गल्लीत ऐकू जावा. अंकलिपी संपली आन् त्येंनी मार्काचं शुभवर्तमान, म्हंजे येसूच्या गोष्टीचं पुस्तक, हातात दिलं, कारन त्येचं अक्षर मोटं हुतं. आसं बगा, मी धर्म घ्यायला गेलो नव्हतो, मी अक्षरं घ्यायला गेलतो. बोट ठिवून एकेक शब्द वाचायचो, आन् वाचता वाचता त्या मानसाची मला गोडीच लागली. महारोग्याला हात लावतोय, कुनाच्याबी घरी जेवतोय. एक डाव त्यो पेत्र आला, येसूचा चेला. गुरूला धरून नेलाय आन् ह्यो अंगनात शेकत बसलाय, एक मोलकरीन इचारती तूबी त्येच्यातलाच न्हवं का, तर म्हनतो म्या त्येला वळखतच न्हाय. मी फुटून हसलो. म्हनलं साहेब, काय ह्यो गडी, एका बाईमानसाला भ्याला? पाळकसाहेबबी हसले.

दोन वर्सांनी मी बाप्तिस्मा घेतला. हिराबाईनं माज्या मागनं घेतला. गावाकडं भावानं सांगावा धाडला, भावकीच्या लग्नाला येऊ नगंस. आई आली पन. डोक्यावर जवारीचं गटुळं, आली, बसली, पानी पिली, भितीवरचा क्रूस बगितला आन् म्हनली, देव बदलला म्हनून मानूस बदलतंय व्हय रं? तुजा आजा माळकरी हुता, आन् जवारी मोजताना मापात आंगठा घालायचा. येवढं बोलली, आन् चुलीम्होरं बसून भाकरी थापाय लागली. मला राग आला. वाटलं हिला काय कळतंय.

खरं सांगू का ताई, बाप्तिस्म्यानं मी लई चढलो. कारखान्यात समदे येसूवाला म्हनायचे. चादरीत खोड निगाली, कुनाच्या पाळीत निगाली, तर इचारा येसूवाल्याला, त्यो खोटं बोलत न्हाय. नळावर कुनाचा नंबर, इचारा येसूवाल्याला. मी सांगीन त्ये खरं. दारूची लागावी तशी मला त्येची चटक लागली, आन् दारू सोडलेल्या मानसाला ही दुसरी लागलीय हे कळतबी न्हाय.

आता गार्ड. धोटा दोनी अंगाला बंदुकीच्या गोळीवानी पळतोय, त्यो कवा उसळला तर बाहीर जाऊ नये म्हनून त्येच्या म्होरं एक लोखंडी दांडी असती, तिला गार्ड म्हनायचं. धागा गाटताना ती हाताला आडवी यायची. म्हनून समदे काय करायचे, मुकादमाची पाट वळली की पाना घ्यायचा आन् गार्ड काडून मागाखाली सारायचा. मीबी काडायचो. त्या दिवशी शुक्रवार, संध्याकाळी एका घरी प्रार्थनासभा हुती, आन् मुकादम म्हनलावता चादर पुरी कर आन् लवकर जा. धागा सारका तुटत हुता. मला प्रार्थनेला जायची घाई, ताई, प्रार्थनेला! मी गार्ड काडला. अर्ध्या घंट्यात धोटा उसळला आन् समोरच्या मागावर नरसय्या वाकलावता त्येच्या उजव्या डोळ्यात बसला.

माग बंद केले. मुकादम आला, मागाखाली बगितलं, म्हनला गार्ड कुनी काडला? आन् माज्या तोंडातनं गेलं, मी आलो तवाच नव्हता. इचारबी केला न्हाय, आपसूक गेलं, ढेकर यावा तसं. मुकादमाचा इस्वास बसंना, त्यो माज्याकडं बगतच ऱ्हायला. तवा नरसय्या, डोळ्यावर टावेल दाबलाय, टावेल लाल झालाय, त्यो खालनं म्हनला, त्येला इचारू नका, त्यो येसूवाला हाय, त्यो खोटं बोलत न्हाय.

त्या मागावर सकाळपाळीला हुसेनभाई असायचा. अक्कलकोटाकडचा, कानडी बोलायचा, मराठी बोलायचा, घरात त्येंचं हैदराबादीवानी. गरीब गाय मानूस. दुसऱ्या दिवशी त्येला काडून टाकला. मी दुपारी पाळीला आलो तर फाटकात माजी वाट बगत उबा, हातात रिकामा डबा. म्हनला दगडूभाई, मैं नै निकाल्या, गार्ड था ना, तुमी बोला ना जरा. मी खाली बगितलं. म्हनलं, मी आलो तवा नव्हता, हुसेनभाई. त्यो चिडला न्हाय वो. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हनला, तुम बोले तो सच्चीच हूंगा, मैंच भूल्या हूंगा. अल्ला माफ करे, नरसय्या का आँख मेरे हात से गया. आन् डबा हलवत चालत गेला.

मी पाळकसाहेबांकडं गेलो आन् समदं सांगितलं. रडलो. त्येंनी माज्यासाटी प्रार्थना केली, म्हनले प्रभूनं माफ केलं, आता मन घट कर. पन मालकाला सांग असं म्हनले न्हाईत. आन् मीबी इचारलं न्हाय, कोन इचारतंय! म्हैनाभर मी कसाबसा निबावला. मंग नरसय्या दवाखान्यातनं परत आला. डोळा गेलाच. मागावर उबा करता येईना म्हनून त्येला कांड्या भरायला बायांच्यात बसवला, तुमी समजून घ्या, त्या हाताला कांड्या! आन् एक दिवस त्येनं मला बाजूला घेतलं. म्हनला तम्मुडू, मी पडल्या पडल्या लई इचार केला. हितं समदे खोटं बोलत्यात, मालक, मुकादम, मीबी. तू येकटा बोलत न्हाईस. तुज्या देवाकडं मला ने.

काय सांगू तुमाला, भुई फाटून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. धावत पाळकसाहेबांकडं गेलो. त्ये लई हारकले. म्हनले बग, वाईटातनंबी प्रभू चांगलं काडतोय, तुज्या साक्षीनं एक मानूस येतोय. मी म्हनलं साहेब, पन साक्षच खोटी हाय. मंग हळू म्हनले, आत्ता बोललास तर त्यो परत कवाच यायचा न्हाय. त्येच्या आत्म्यासाटी गप ऱ्हा. मानूस वाईट नव्हता ताई. त्येनंच मला अक्षर दिलं. पन त्या दिवशी मला आई आटवली, आन् आज्याचा त्यो मापातला आंगठा.

ऐतवारी नरसय्याला घिऊन गेलो. धुतलेलं धोतर, डोळ्यावर पट्टी, माज्याशेजारी चटईवर बसला. गानी झाली, आन् पाळकसाहेब म्हनले आता दगडूभाऊ प्रभूनं त्येंच्यासाटी काय केलं त्येची साक्ष देतील. मी उटलो. म्हनलं, माजं नाव दगडू, मी गार्ड काडला. धोटा माज्या मागाचा. मी खोटं बोललो, हुसेनभाई माज्यापायी गेला, आन् ह्यो नरसय्या ज्येच्या इस्वासावर हितं आलाय त्यो मानूस मी न्हाय. आन् मागनं एक म्हातारे आजोबा, त्येंना ऐकायला कमी यायचं, त्ये मोट्यानं हालेलुया म्हनले. आता हसू येतं. तवा मेल्याहून मेलो.

नरसय्यानं माज्याकडं बगितलं न्हाय. उटला, भितीला हात लावत दारापत्तुर गेला, चपला हुडकाय त्येला वेळ लागला, एक डोळा नवीनच गेलेला. मी उचलून दिल्या न्हाईत. हिंमतच झाली न्हाय.

सोमवारी कारखान्यात मुकादमालाबी सांगितलं. त्येनं शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. त्यो म्हनला, आता कुनाला इचारायचं रं आमी? काडलं मला, आन् बरोबर काडलं. तितनंच हुसेनभाईच्या खोलीवर गेलो तर कुलूप. शेजारीन म्हनली बायकापोरं घिऊन कवाच गेला, भिवंडी म्हनला का हैदराबाद म्हनला ठावं न्हाय.

मंग मी मार्केट यार्डात हमाली केली, म्हातारपनापत्तुर. पाळकसाहेब एक सांजेला खोलीवर आले, छत्री दाराला टेकवली, हिराबाईच्या म्होरं मला म्हनले दगडू, तुला गप ऱ्हा म्हनलो त्ये माजं चुकलं. माजा गुरू असं बोलला! मी त्येंच्या पाया पडाय गेलो तर त्येंनी पडू दिलं न्हाय. तवापासनं आमी दोगं बरूबर प्रार्थना करायचो, आन् त्यात मोटा कोन न्हान कोन हे ऱ्हायलं न्हाय.

नरसय्या दीड वरीस बोलला न्हाय. मंग एकदा च्याच्या टपरीवर गाट पडली. मी माघारी वळलो तर त्येनं हाक मारली, बशीत च्या वतला, बशी माज्याकडं सारली आन् इचारलं, हुसेन सापडला का? म्हनलं न्हाय अन्ना. म्हनला, डोळ्याचं माजं मी बगतो. त्यो मानूस तुजं पाप डोक्यावर घिऊन हिंडतोय. हुडक त्येला. मी अक्कलकोटाकडं त्येच्या गावी तीन डाव जाऊन आलो, भिवंडीला दोन डाव. नरसय्या चर्चला कवा परत आला न्हाय, मारुतीला जायाचा, पन त्येच्या पोरीच्या लग्नात मला पंगतीत आपल्या शेजारी बसवला. आन् दरवेळी भेटला की पयलं त्येच, सापडला का? शेवटी अंथरुनात हुता, वाचा गेलती, मी उशाशी बसलो तर बोट हालवून त्येच इचारलं. म्हनलं, न्हाय अन्ना, अजून न्हाय.

लोक इचारत्यात, दगडूबाबा तुमी ख्रिस्ती कवा झाला? बाप्तिस्म्याच्या दिवशी मी वलाचिंब झालो, येवढं खरं. येसूच्या मागं चालाय लागलो त्या ऐतवारी, चटईवरनं उटलो तवा. आन् चालतोय अजून. आता गुडगं दुकत्यात, भिवंडी लांब पडती.

म्हनून तुमाला हे सांगितलं ताई, माज्या कौतुकासाटी न्हाय. तुमचं पुस्तक लांब लांब जातं म्हनत्यात. हुसेनभाईला वाचता येत नव्हतं, पन असला तर ऐंशीच्या म्होरं असंल, नातवंडं शिकली असतील, कुनाच्या तरी नजरेला पडंल. माजं नाव बदलू नका, त्येचंबी बदलू नका. असं लिवा की, हुसेनभाई, देव तुमाला जितं असाल तितं सुकी ठेवो. तीनच्या भोंग्याला तुमी माग सोडला तवा गार्ड जाग्यावर हुता. मी माज्या हातानं काडला. तुमी कायबी इसरला नव्हता.