बापाला न आवडणारं गाणं

तुमी हसा, पण मी ते गाणं बदलणार न्हाई. एका नावाजलेल्या बँडचं हिट गाणं कडा गावच्या रस्त्यावर उसाचा हरेक ट्रॅक्टर वाजवतो. माझ्या ट्रॅक्टरवर मी लावतो त्याच अल्बममधलं शेवटचं, कुणीच न ऐकणारं. रस्त्याकडंला शेळ्या राखणारा आमचा बाप रोज म्हणायचा, "आलं रडकं."

गेल्या हंगामात माझा ट्रॅक्टर पाण्याच्या चारीत कलंडला, पाय खाली अडकला. ओरडून घसा बसला, गाणं मात्र चालूच. तेवढ्यात बाप माणसं घेऊन पळत आला.

"रोज पुढं जाणारं रडकं आज एकाच जागी वाजायलं, तवाच वळखलं."

दवाखान्यात मी विचारलं, "आबा, आता गाणं बदलू का?"

"लई भिकार हाय," बाप म्हणला. "पण बदलू नको."