मागचा उजवा दिवा

माझं माहेर चोपड्याकडचं, दिलेली पारोळ्याजवळ, आणि लग्नाच्या तिसऱ्या वर्षी आमचे हे मले घेऊन सुरतेले आले ते आजपर्यंत इथंच. ह्याईनी बारा वर्षं लूमच्या खात्यात, कापड विणायच्या मागावर काढली आणि काय सांगू तुमाले भाऊ, त्या खटखटाटानं कान खाल्ले, उजवा तर पुरा गेला, डाव्या कानाशी जाऊन मोठ्यानं बोललं तर ऐकू येते. मग खातं बंद पडलं, हजीऱ्याले एका कारखान्यात ठेकेदाराकडं काम लागलं, तिकडं तेव्हा नवे नवे कारखाने उठत व्हते. आमची खोली पर्वत पाटियाले, तिथून हजीरा म्हणजे गावाचं हे टोक ते ते टोक, म्हणून एक जुनी मोटरसायकल घेतली आणि माझ्या जिवाले घोर लागला. त्या रस्त्यानं नुसते ट्रक आणि टँकर, मागून कितीबी हॉर्न मारा, ह्याईले काय समजणार? मी घरी साड्याईवर टिकल्या चिकटवायची, पण बाहेर कुठं ब्रेक कचकन वाजला की हातातली टिकली खाली पडायची.

एक दिवस हे आले तर पायाले पट्टी, मागचं मडगार्ड चेपलेलं. उजवीकडं वळताना टँकर घासून गेला, आणि ड्रायव्हर उतरून वर ह्याईलेच म्हणे, सिग्नल का दिला नाही. हे म्हणे, म्या दिला व्हता, पुढचा दिवा लागलेला माझ्या डोळ्यानं पाह्यला. पुढचा दिसतो, पण मागचा चालवणाऱ्याले कसा दिसणार?

नाक्यावर जयंतीभाई मिस्तरी व्हता. त्यानं गाडी स्टँडवर घेतली, बटन दाबलं, पुढचा टकटक, मागचाबी टकटक. म्हणे बेन, बधू बराबर छे, सगळं ठीक आहे. तरी मागचा बल्ब बदलला. चार दिवसांनी ह्याईच्या कामावरचा माणूस सांगत आला, वहिनी, मी मागंच व्हतो, वळताना ह्याईचा मागचा दिवा लागत नाही. पुन्हा मिस्तरी, पुन्हा टकटक, ह्या वेळी दिव्याची उघडझाप करणारी डबी बदलली, फ्लॅशर म्हणतात तिले. आणि पुन्हा तेच. हे म्हणे जाऊ दे, मी हात दाखवत जाईन. म्या म्हटलं, उजव्या हातात तर अ‍ॅक्सिलेटर, तो सोडाल आणि भर रस्त्यात गाडी मंदावली म्हणजे?

रविवारी म्या म्हटलं, मी मागं बसते आणि दिवाच पाहते. आडवी बसली तर दिवा पाठीमागं जाते, म्हणून पुरुषासारखी दोन्हीकडं पाय टाकून बसली, लोक पाहू लागले, पाहू दे. सरळ रस्त्याले दिवा टकटक. वळण आलं, ह्याईनी हँडल फिरवलं आणि दिवा गेला. मागं ट्रक, इतका जवळ की काचेमागचं ड्रायव्हरचं तोंड दिसलं. म्या हात आडवा केला, वरडली, त्यानं ब्रेक दाबला. ह्याईले काहीच माहीत नाही, हे आपले निवांत वळले, गाडी सरळ झाली आणि दिवा पुन्हा टकटक करू लागला.

तशीच जयंतीभाईकडं गेली. म्हटलं भाई, बटन दाबा, आता हँडल फिरवा. मागचा दिवा गेला. सरळ केलं, आला. त्याचं तोंड उतरलं. हँडलच्या मानेपाशी वायर निघाली, वरून धडधाकट, आत तांबं तुटलेलं, सरळ असलं की टोकं टेकायची, फिरलं की सुटायची. म्हणे बेन, म्या गाडी उभी करूनच पाह्यली, चुकलं माझं. नवी वायर टाकली, दहा वेळा हँडल फिरवून दाखवलं.

त्याले आता चार वर्षं झाली. दिवा कधी गेला नाही, पण माझं भेव काही गेलं नाही. हे अजून त्याच रस्त्यानं जातात. पाच वाजले म्हणजे मी ओट्यावर येते, आता आली तशी, हातातलं काम टाकून. किती झाले भाऊ तुमच्या घड्याळात? सव्वापाच? येतील. तुम्ही चहा घ्या, ते आल्यावर जा. देव सगळ्याईच्या माणसाईले घरी आणो.