बादलीतला टोमॅटो

"अहो, आपल्या बादलीत टोमॅटो लागलाय." फार वर्षांपूर्वी दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर ऐकलेला एका म्हातारीचा तो आवाज माझ्या कानात अजून ताजा आहे. शेजारी तिचा म्हातारा गाल धरून बसला होता.

"आणि तुमच्या तोंडून कौतुकाचा एक शब्द नाही."

"दाढ दुखतेय गं."

"फुटकी बादली नि भाज्या धुतलेलं पाणी, एवढ्यावर आलाय तो. काल मला साधी कळी दिसली नव्हती, आज लालबुंद फळ. हाताला गुण लागतो त्याला."

"लागतो ना."

"उद्या जाऊबाई येताहेत. गच्चीवर बाग केलीय म्हणून केवढा तो तोरा. त्यांच्या नाकासमोर तोडते की नाही बघा."

"लांबूनच दाखव की. खिडकीतून."

"का म्हणून? चांगला चष्मा लावून देठापासून बघू दे त्यांना."

"देठ नको."

"देठाला काय झालंय?"

"आजोबा, चला आत," नर्स म्हणाली.

तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"तू रोज त्या झाडापाशी तोंड पाडून बसायचीस, मला बघवेना. बाजारातून आणून मीच बांधला तो, दोऱ्याने."

"अहो, आता जाऊबाईंना काय तोंड दाखवू मी?"

"ऐक तर. सकाळी पाणी घालताना पानाआड बघितलं. त्या झाडाला खरंखुरं वांगं धरलंय. तुझ्या हाताचं."