पावणेतीन तासांचं मस्कत

...आन् वर मलाच म्हनत्यात, पप्पा, जरा लवकर निघायचं! अहो, चारचं विमान, सकाळी आठलाच श्रीरामपूर सोडलं हुतं काल, आनखी किती लवकर निघू? तुमाला सांगतो, आमचे जावई नोहा, मस्कतला नोकरीला, महिनाभर फोनवर एकच... "पप्पा, मुंबई-मस्कत दीड हजार किलोमीटर, फक्त पावणेतीन तास! डोळा लागतोय तोवर उतरायचं!" व्हय बाबा, पर श्रीरामपूर ते मुंबई अडीचशे किलोमीटर, त्याचं कोन सांगनार?

पहिली नात हो माझी. तिकडं उपासना शुक्रवारी, म्हंजे आज सकाळीच तिचा बाप्तिस्मा, आन् नाव मी सांगायचं ठरलेलं. माझी हेलन जाऊन दोन वर्षं झाली... तिचंच नाव. लेक जास्मिन म्हनली, "पप्पा, आईचं नाव तुमच्याच तोंडून येऊ द्या." मग? विमानाला भिनारा मानूस मी, तरी निघालो!

गाडी शेजारच्या मच्छिंद्रची. संगमनेरच्या अलीकडं बघतो तर उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी! तीस वर्षं साखर कारखान्यात काढली मी, त्याच उसानं मला अडवावं? एक तास गेला... दोन तास गेले... आन् हा मच्छिंद्र खाली उतरून ऊस सोलतोय! "खा की काका, लई गोड हाय. विमानाला काय, पावणेतीन तास!"

मुंबईत विमानतळावरच्या खिडकीशी धापा टाकत पोचलो तर तीन वाजून धा मिनिटं. पोरगी गोड हसून म्हनती, "सॉरी सर, काउंटर बंद हो गया." म्हटलं, बाई, विमान तर हितंच उभं हाय! "सर, कल शाम को चार बजे." पुन्हा पावणेतीन तास, पर उद्या!

ठान्याला भाच्याकडं मुक्काम केला, आन् आज धसक्यानं सकाळीच येऊन बसलो हितं विमानतळाच्या दारात. मोबाईलवर बाप्तिस्मा चालू... पाळकांनी विचारलं, "नाव काय?" मी वरडलो, "हेलन! हेलन!" समदं विमानतळ माझ्याकडं बघतंय, पर माझा आवाज तिकडं पोचंना! बाळ विहीणबाईंच्या हातात. त्या आधीच बावरलेल्या, त्यांना वाटलं, आपलंच नाव विचारत्यात! सांगून मोकळ्या झाल्या स्वतःचं, "मरिया!" झालं... पानी पडलं, आमेन झालं! जास्मिन रडायला लागली, मी हिकडं "न्हाई, न्हाई" म्हनत पडद्यावर बोट आपटतोय... कोन ऐकतंय?

आता हे चारचं विमान सहाला सुटनार म्हने. सुटू दे, न्हाईतर नको सुटू दे. महिनाभर ऱ्हायचंय तिथं, एका घरात, विहीणबाईंसंगं... मी नातीला लाडानं हाक मारनार, "मरिया, ये गं माझ्या मांडीवर..." आन् ओ कोन देनार, सांगा!