कडेची माणसं

निपाणीच्या बसस्थानकावर आईजवळ बसून दिपाली कॅमेऱ्याची नवी झूम लेन्स पुन्हा पुन्हा तपासत होती. शेजारी बसलेल्या निवृत्त तंत्रशिक्षक आण्णाप्पा सरांच्या डोक्यात मायलेकींच्या बोलण्यापुढे वर्तमानपत्रातले अक्षरही शिरत नव्हते.

“आई, मधली माणसं लख्ख येतात, कडेची पुसट.”

“मग झूम कर की.”

“झूम केलं की कडेची फोटोतनं बाहेरच जातात!”

“जाऊ देत. मधी नवरा-नवरी असली म्हंजे झालं.”

“उद्या दादाच्या लग्नात तू कुठं उभारणार?”

“कडंला. तुझा बाप गेल्यापासनं तुझी काकू मला तिथंच उभं करती.”

“म्हणूनच लेन्स परत देऊन येते. बेळगावची गाडी लागली बघ.”

“खाली बस गं. लेन्स न्हाय बदलायची. उद्या मी मधी उभारते, काकूला लाव कडंला!”